चाकूरच्या अलीकडे, धुक्यात

माझी नोकरी नेमकी कशाची होती, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. "रस्त्यावरची माणसं आणि सायकलवाले ओळखणारं यंत्र तयार करतो आम्ही," असं मी सांगितलं की त्या म्हणायच्या, "त्याला यंत्र कशाला? डोळे हायत की." नांदेडच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांचंही म्हणणं साधारण हेच असायचं, ते फक्त वळणावळणानं म्हणायचे.

मी मूळची उदगीरची. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि पुढं सगळी वर्षं अँटेना, तारा आणि सोल्डरिंगच्या धुरात गेली. निवृत्तीनंतर कुणी कामाबद्दल विचारलं, की मला त्या एका डब्याचीच आठवण येते. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. जीपच्या टपावर बसवलेला, पुढून थर्माकोलसारखी पांढरी झाकणी असलेला डबा. आत एक छोटी तबकडी डावीउजवीकडे फिरत राहायची.

हा डबा काय करायचा ते साध्या शब्दांत सांगते. जगातली प्रत्येक वस्तू आपल्या उष्णतेप्रमाणे अगदी क्षीण लहरी सोडत असते. दगड, झाड, म्हैस, तुम्ही, मी, सगळेच. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण मायक्रोवेव्हच्या पट्ट्यात त्या पकडता येतात. रडार आधी स्वतः लहरी फेकतं आणि परत आलेल्या मोजतं. आमचा डबा काहीही फेकत नसे. समोरून जे येईल ते घेत असे. या लहरींच्या दृष्टीनं आकाश फार थंड असतं. लांबून, तिरप्या नजरेनं पाहिलेला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो आणि आकाशाचा तो थंडपणा दाखवतो. त्या थंड पट्ट्यावर माणूस उभा राहिला की तो गरम ठिपका म्हणून उठून दिसतो. अंधार असो, धूळ असो, धुकं असो, या लहरींना कशाची अडचण नाही. पडद्यावर थंड ते निळं आणि गरम ते पिवळं, असे रंग आम्ही ठरवून घेतले होते. चित्र मात्र अगदी ढोबळ. नाकडोळे नाहीत, हातपाय नाहीत, काही चौकोन पिवळे, बाकी निळे.

लोह्याच्या बाजूला चाचण्या घ्यायला गेलो की गर्दी जमायची. एका गावात लोकांनी जीप अडवली. मोबाईल टॉवरसारखं याच्यातून काही बाहेर पडतं आणि पोराबाळांना बाधतं, अशी बातमी आमच्या आधी तिथं पोचली होती. "दादा, यातून काहीच बाहेर पडत नाही, हा नुसता घेतो," असं मी सांगितलं तर एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे सरकारीच हाय." दुसऱ्या एकानं डबा विहिरीवर धरून पाणी किती खाली आहे ते सांगा, म्हणून हट्ट धरला. मोटारसायकलवाल्यांना तो वेग पकडणारा कॅमेरा वाटायचा. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असलो, की सगळे शहाण्यासारखे हळू जायचे आणि आमच्या चाचणीचा विचका व्हायचा.

डब्याच्या खोड्याही होत्या. डोक्यावर स्टीलची घागर घेतलेली बाई आली की चित्र बिघडायचं. धातू आकाश दाखवतो, म्हणून घागरीच्या जागी गडद निळं भोक पडायचं आणि आमचा प्रोग्रॅम गोंधळून तिला माणूस म्हणायला नकार द्यायचा. दुकानांच्या पाट्या, पत्रे, गाड्यांचे टप, सगळ्यांचा हाच त्रास. शेवटी आम्ही एक गाळणी बसवली: गडद निळं जे जे असेल ते चित्रातून काढूनच टाकायचं. आणि मे महिना तर विचारूच नका. दुपारी रस्ता असा तापायचा, की माणूस आणि डांबर यांतला फरकच मिटायचा. समोर हाडामांसाचा माणूस चालतोय आणि पडद्यावर कुणी नाही.

हिवाळ्यात मात्र डबा खुशीत असायचा. त्याच हिवाळ्यात लातूरला मोठ्या साहेबांपुढे प्रात्यक्षिक ठरलं. त्यावर प्रकल्पाचं पुढचं सगळं अवलंबून होतं.

आम्ही तिघं सकाळी नांदेडहून निघालो. चालवायला हमीदभाई. त्यांचं घराणं नांदेडात पिढ्यान्‌पिढ्या टांग्यांचं, मग रिक्षांचं. हा माणूस रस्त्याला मनापासून मानायचा. त्यांच्या शेजारी आमचे प्रमुख, बिडवे सर. हुशार, पण उतावळे. प्रात्यक्षिकासाठी इस्त्रीचा शर्ट हँगरला लावून त्यांनी खिडकीत टांगला होता आणि पायाशी प्रकल्पाचं नाव लिहिलेला लाल कापडी फलक गुंडाळून ठेवला होता. मागच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी.

अहमदपूर सोडलं आणि धुकं लागलं. आमच्याकडं धुकं नवं नाही, पण त्या दिवशीचं वेगळंच होतं. सूर्य वर आलेला होता, उजेड होता, आणि तरी बॉनेटच्या पुढचं काही दिसत नव्हतं. हमीदभाईंनी जीप बैलगाडीच्या चालीवर आणली.

"जरा दामटा की," बिडवे सर म्हणाले. "साहेब वेळेवर येतात."

"सर, मला दिसून नाही राहिलं," हमीदभाई म्हणाले. "साहेब येतील तसे जातील बी. मी नाही दामटत."

पडद्यावर निळा पट्टा होता. रस्ता मोकळा. मग त्या पट्ट्याच्या डाव्या अंगाला एक पिवळा ठिपका आला. उभा नव्हता, आडवा होता. मला वाटलं, कुत्रं असेल किंवा कुणाचं पडलेलं पोतं. पण जसजसे पुढे सरकलो तसतसा तो लांबत गेला.

"हमीदभाई, थांबा."

"कुठं ताई? काहीच नाही."

"आहे. थांबा म्हणते ना!"

जीप थांबली. मी उतरून पुढे गेले. आमच्या चाकांपासून थोड्याच अंतरावर रस्त्यात एक माणूस पडला होता. पांढरं धोतर, डोक्याचा मफलर सुटलेला. शेजारी सायकल, तिचं मागचं चाक दुमडलेलं. सायकल धातूची, म्हणून गाळणीनं ती पडद्यावर येऊच दिली नव्हती. एक दुधाची ॲल्युमिनिअमची कॅन हँडलला अडकून चेपली होती आणि रस्त्यावर दूध पसरलं होतं.

कुणीतरी धडक देऊन निघून गेलं होतं. कोण, ते आजतागायत कळलेलं नाही.

हमीदभाईंनी आणि मी त्यांना उचलून कडेला नेलं, ताडपत्रीवर बसवलं. शुद्धीवर होते. नाव सांगितलं, केरबा. जवळच्याच गावचे, चाकूरला दूध घालायला निघालेले. कुठं लागलंय विचारलं तर म्हणाले, "मला काई न्हाई झालं. कारभारीण कुठंय?"

"कोण?"

"मागं बसली व्हती की. गया. कॅरेजवर."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं. पडद्यावरही नव्हतं. मी हाका मारल्या. धुक्यात हाक कापसात गेल्यासारखी गेली. तिथं रस्ता रुंद करताना मोठा भराव टाकलेला. कडेपासून खाली खोल उतार आणि पुढं हरभऱ्याचं रान. बिडवे सर उतारावरून थोडं खाली जाऊन आले. स्वतःचे पायही दिसत नाहीत, म्हणाले.

"डबा फिरवू या रानाकडं," ते म्हणाले. "जीप आडवी घ्या."

मी नाही म्हणाले. डबा माणसाला शोधतो तो रस्ता थंड दिसतो म्हणून. हिरवं पीक थंड दिसत नाही. पीक आणि माणूस यांच्या लहरी जवळपास सारख्याच. हरभऱ्यात पडलेली बाई म्हणजे पिवळ्यात पिवळं.

बिडवे सरांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तेवढ्यात केरबांचं पुटपुटणं ऐकू आलं. "ती दुसरी कॅन धरून बसती. हिंदकळू नये म्हणून. तिला म्हनलं व्हतं, सोड, मी बांधली हाय. तर सोडती व्हय."

दुसरी कॅन. रस्त्यावर एकच होती.

मला काय सुचलं ते मी शांतपणे सांगितलं असं वाटतं, पण हमीदभाई नंतर म्हणायचे, की मी ओरडत होते. "सर, बाई नाही, कॅन शोधायची! पिकात कॅन थंड दिसेल. गाळणी काढते मी."

हमीदभाईंनी जीप वळवली. डबा पुढंच बघतो, तोही सरळ. त्याला खाली रानात बघायला लावायचं तर जीपचं नाकच उताराकडं करायला हवं. पुढची चाकं भरावाच्या काठावरून खाली उतरवली आणि मागची अर्धी जीप रस्त्यात आडवी राहिली. हँडब्रेक त्या उतारावर धरेना. हमीदभाई पायानं ब्रेक दाबून बसले. मी मागच्या बाकावर, गुडघे समोरच्या सीटला टेकवून. गाळणी बंद केली, तबकडीला सांगितलं, नीट, हळू, ओळीओळीनं बघ. चित्र वरून खाली भरायला लागलं.

तेव्हाच गाणं ऐकू आलं. लांबून, अहमदपूरच्या बाजूनं, कर्ण्यावरचं फुल आवाजातलं गाणं. आमच्याकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, ओझं असं की ब्रेक मारला तरी लगेच थांबत नाही.

"बिरादार बाई, किती वेळ लागेल?" बिडवे सरांनी मला विचारलं.

"निम्मं आलंय."

त्यांनी दार उघडलं, पायाशी गुंडाळलेला लाल फलक ओढून काढला आणि धावत धुक्यात शिरले, त्या गाण्याच्या दिशेनं. एरवी चाचणीच्या वेळी जीपमधून खाली न उतरणारा माणूस. "थांब! ए थांब!" एवढंच काही वेळ ऐकू येत राहिलं, मग गाण्यानं ते गिळलं.

पडद्यावर पिवळं, पिवळं, पिवळं. हरभरा.

"ताई, झालं का?"

"अजून नाही."

"गाणं लई जवळ आलं, ताई."

"तुम्ही उतरा हमीदभाई. मी ब्रेक धरते."

"नक्को. तुम्ही तिथंच बघा." त्यांनी आरशात पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा ब्रेकवरचा पाय थरथरत होता, त्यानं पूर्ण जीप बारीक हलत होती आणि चित्राच्या ओळी वाकड्या येत होत्या. ओरडून त्यांना स्थिर राहा म्हणावं, तर कुठल्या तोंडानं म्हणणार?

खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन गडद निळा झाला. त्याच्या शेजारी अजून एक. पुढच्या ओळीत पुन्हा पिवळं.

"उजव्या हाताला! उताराच्या बुडाशी!"

मी दार उघडून उतारावर उडी मारली, घसरत खाली गेले. मागं टायर घासल्याचा लांबलचक आवाज, गाणं, कुणाची तरी शिवी आणि मग असंख्य काठ्या एकदम कोसळाव्यात तसा कडकडाट. मी मागं वळले नाही. वळले असते तर तिथंच बसले असते.

कॅन सापडली. झाकण उडालेलं, काळ्या मातीत दूध मुरत चाललेलं. आजूबाजूला कुणी नाही. मी गुडघ्यांवर बसून हातांनी हरभरा चाचपत गेले. पानांवरची आंबट आंब लागून हाताच्या चिरा झोंबत होत्या. मग लुगड्याचं सूत हाताला लागलं. गयाबाई कुशीवर पडल्या होत्या, डोळे मिटलेले, एक पाय नको तसा वळलेला. नाकाशी हात नेला. श्वास होता.

"सापडल्या! आहेत!" मी ओरडले. वरून बराच वेळ काहीच उत्तर आलं नाही. तो वेळ मला अजून स्वप्नात येतो. मग हमीदभाईंचा आवाज आला, "आलो ताई, आलो."

ट्रॅक्टरवाल्याला लाल कापड अगदी शेवटी दिसलं होतं. त्यानं तोंड पलीकडच्या अंगाला वळवलं, मागची ट्रॉली कलंडली आणि ऊस पूर्ण रस्त्यावर सांडला. जीपला धक्का लागला नाही. बिडवे सर फलकाचा फाटका तुकडा हातात घेऊन उसात उभे होते. त्यांचा आवाज गेला होता. ओठ हलायचे, शब्द फुटत नव्हता. सांडलेल्या उसानं मागची वाहतूक तिथंच अडली आणि त्यामुळं आम्ही वाचलो, असं मला वाटतं. ट्रॅक्टरवाल्यानं मुकाट कर्णा बंद केला आणि गयाबाईंना वर आणायला तोही उतरला.

त्यांना जीपच्या मागच्या बाकावर निजवलं. केरबा आमचं काही न ऐकता खाली बसले आणि त्यांनी बायकोचं डोकं धरलं. लॅपटॉप मी पायाखाली सरकवला. चाकूरला प्रथमोपचार झाले, गयाबाईंचा पाय बांधला, लातूरला न्या म्हणाले. केरबांना तपासायला बोलावलं तर, "मला खरचटलंय नुसतं, आधी तिचं करा," म्हणून ते जीपमध्ये जाऊन बसले. आम्हीही ते मानलं. माणूस चालत होता, बोलत होता.

चाकूर सोडल्यावर धुकं विरळ झालं. केरबा बोलत राहिले. म्हशीचं बोलले, लातूरला शिकणाऱ्या मुलीचं बोलले. तहान लागली म्हणाले. मग म्हणाले, "बाई, जरा डोळं मिटतो." मला वाटलं, थकले. लातूरची घरं दिसायला लागली तेव्हा गयाबाई कण्हल्या, शुद्धीवर आल्या. "आवं," त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मी केरबांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यांची मान कलली.

पोटात आत रक्तस्राव होत होता, डॉक्टर म्हणाले. बाहेरून काही कळण्यासारखं नव्हतं.

जो आम्हाला लांबून दिसला तो गेला आणि जी दिसलीच नाही ती वाचली. यात काही अर्थ आहे का, हे मी खूप दिवस शोधत होते. आता शोधत नाही.

प्रात्यक्षिक पुढं कधीतरी झालं. साहेबांनी उन्हाळ्याचं विचारलं. आम्ही खोटं बोललो नाही. मे महिन्यात ज्याला माणूस दिसत नाही अशा यंत्रावर मराठवाड्यातल्या रस्त्यानं भरवसा कसा ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. प्रकल्प बंद झाला. बिडवे सर निरोपाचं भाषण करायला उभे राहिले आणि तेव्हाही त्यांना बोलता आलं नाही. डबा आता कपाटावर असेल कुठंतरी. मला त्याचा राग नाही आणि त्याची लाजही नाही. तो होता तेवढाच होता.

काही महिन्यांनी मी गयाबाईंना भेटायला त्यांच्या गावी गेले. मुलगी घरी आली होती, तिनं चहा ठेवला. गयाबाई काठी घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या यंत्रात मी कशी दिसले व्हते?"

"तुम्ही दिसला नव्हता, अक्का. तुमची कॅन दिसली."

त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसली, असं मुलीनं नंतर मला सांगितलं. मग म्हणाल्या, "अन्‌ ते?"

मी ते चित्र कागदावर छापून पर्समध्ये घेऊन गेले होते. द्यावं की नाही, हे रस्ताभर ठरत नव्हतं. दिलं. त्यांनी कागद उजेडाकडं धरला, उलटासुलटा केला. निळ्या पट्ट्यावर मोजके पिवळे चौकोन.

"तोंड कुठलं यात?"

"ते नाही दिसत."

"हात?"

"हातही नाही."

"मग काय दिसतंय?"

काय दिसतं, हे सांगण्यातच माझी सगळी नोकरी सरली. रस्ता आकाशाचा थंडपणा दाखवतो, माणूस तो झाकतो, म्हणून पिवळं. अंगावरचं धोतर, मफलर, सगळं त्यात मिसळलेलं. त्यावरून माणसाचं काही सांगता येत नाही. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"गरमी," मी म्हणाले. "अंगातली."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. कागद मांडीवर पसरला आणि पिवळ्या चौकोनांवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा.

"म्हंजे तवा ते ऊन व्हते," त्या म्हणाल्या.

"हाव, अक्का," मी म्हणाले.